नंबर खाली करून ठेवलेल्या काचा

तुम्ही खोटं बोललात. दोन यंत्रं एकमेकांशी सहमत झाली म्हणजे निदान पक्कं, असं तुम्ही, आरोग्य खात्यानं, सगळ्या जिल्ह्याला सांगितलंत. ती दोन यंत्रं नव्हतीच, हे तुम्हाला ठाऊक होतं. यंत्र एकच होतं. त्यालाच तुम्ही दोनदा विचारत होतात, आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं की टाळ्या वाजवत होतात.

हे मी ओरडून सांगत नाही. ओरडायला दम लागतो, आणि आमच्या घरात सध्या दम कुणाकडेच नाही.

माझं नाव उज्ज्वला ढोबळे. खडकाळ्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. एकोणीस वर्षं मी टीबीच्या काचा वाचल्या आणि पुढची आठ वर्षं तुमच्या यंत्राला काचा भरवल्या. माझे यजमान मल्हारी ढोबळे, टाकेवाडीच्या माळावर खडी क्रशरचे ऑपरेटर. त्या माळावर सोळा क्रशर आहेत. उन्हाळ्यात लांबून बघितलं तर माळाला आग लागली असं वाटतं, इतकी धूळ.

काच वाचणं म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी कधी वाचलेली दिसत नाही. रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, लाल रंग टाकून खालून गरम करायचा. मग आम्लानं धुवायचा. सगळ्यांचा रंग जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही. वरून निळा रंग दिला की निळ्यात लाल काड्या उठून दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवत शंभर जागा बघायच्या. भरपूर काड्या दिसल्या तर प्रश्न नाही. एकही नाही तरी प्रश्न नाही. शंभर जागांत मिळून एक ते नऊ दिसल्या तर लिहायचं ‘तुरळक’. सगळी भानगड या तुरळकमध्ये. रंगाचा गोठलेला कण, काचेवरचा ओरखडा, दुपारी तीनला दमलेला डोळा, यातलं काहीही तुरळक दिसू शकतं.

म्हणून जुन्या लोकांनी एक पद्धत घातली होती. दर महिन्याला माझ्या काही काचा जिल्ह्याला जायच्या. तिथं दुसरा माणूस त्या पुन्हा वाचायचा. मी काय लिहिलं ते त्याला सांगायचं नाही. त्याला फक्त नंबर. त्याचं उत्तर आणि माझं उत्तर नंतर शेजारी शेजारी ठेवायचं. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर तिसऱ्यानं बघायचं. यात कुणी हुशार असण्याची गरज नव्हती. दोघांनी स्वतंत्र चुकावं, एवढीच गरज होती. मी एका जागी चुकणार, तो दुसऱ्या जागी चुकणार, आणि मधल्या फटीतून खरं काय ते बाहेर येणार.

जिल्ह्याला माझ्या काचा वाचणारे होते इक्बाल मुजावर. वीस वर्षांत आम्ही तीनदा भेटलो असू. फोन मात्र आठवड्याला.

आता माझा गुन्हा सांगते. तुमचा नंतर.

उत्तर जुळलं नाही की ‘फरक’ निघायचा. फरक निघाला की मेमो. तीन मेमो झाले की पुन्हा ट्रेनिंग, नाहीतर बदली. फरक का पडला, हे कुणी विचारायचं नाही. कुणाचा पडला, एवढंच. माझा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा माझे दोन मेमो झाले होते. तेव्हा मुजावरांचा फोन आला.

“ताई, सतरा नंबरला मला तर काही दिसत नाही. तुम्ही काय म्हणता?”

“मला चार दिसल्या होत्या हो.”

मग म्हणाले, “दिसल्या असतील मग.”

आणि त्यांनी तुरळक लिहिलं. माझी बदली टळली. मी त्यांना दिवाळीत चकल्या पाठवल्या. त्यांनी ईदला शीरखुर्मा पाठवला, एसटीच्या कंडक्टरबरोबर.

पुढं त्यासाठी फोनचीही गरज उरली नाही. काचा खाचांच्या डब्यात उभ्या राहतात, नंबरचं टोक वर. मी पॉझिटिव्ह काचा नंबर खाली करून ठेवायला लागले. डबा उघडला की मुजावरांना कळायचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. तालुक्या-तालुक्यात चालायचं. कुठं पेन्सिलीचा ठिपका, कुठं डब्याची शेवटची ओळ. सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते. वर रिपोर्ट जायचा, सहमती अठ्ठ्याण्णव टक्के. तुम्ही खूश.

आणि आमच्या दवाखान्यात येणारा निम्मा खोकला टाकेवाडीच्या माळावरचा. छातीचा एक्स-रे वरच्या बाजूला ठिपक्या-ठिपक्यांचा, अगदी टीबीसारखा. वर्षभराचा खोकला, वजन उतरलेलं. डॉक्टर म्हणायचे, “बाई, नीट बघा, असणारच.” मी शंभराच्या जागी दीडशे जागा बघायचे. ‘असणारच’ म्हणून बघितलं की दिसतं हो. एखादा लाल कण, एखादा ओरखडा. तुरळक. काच डब्यात नंबर खाली. मुजावर, तुरळक.

तरी तेव्हा बाकीचे होते. जंतू वाढवून बघणारी प्रयोगशाळा होती. दोन महिने घ्यायची, पण कधी कधी ठणकावून सांगायची की इथं काही उगवलं नाही. जिल्ह्याला छातीच्या डॉक्टर लीना सबनीस होत्या. त्या काच बघायच्याच नाहीत. पहिला प्रश्न, “काम काय करता? किती वर्षं? धूळ कोरडी की पाणी मारून?” माझ्या तुरळकवर त्यांनी तीनदा काट मारली होती. मला त्यांचा फार राग यायचा. आता वाटतं, त्या रागावर किती माणसं जगली असतील.

दोन हजार तेहतीसमध्ये तुमचं ‘एकनिदान’ आलं. जिल्ह्याच्या सभागृहात आम्हाला बोलावलं, शाल दिली, पडद्यावर चित्रं दाखवली. यंत्र काचेचा फोटो घेतं, एक्स-रे बघतं, खोकल्याचा आवाज ऐकतं, आणि चार मिनिटांत सांगतं. हे त्याला कसं जमतं? तर राज्यातल्या जुन्या काचांचे लाखो फोटो त्याला दाखवले, प्रत्येकाखाली उत्तर लिहून. बघून बघून ते शिकलं. आणि उत्तर खरं कशावरून? तर जिथं दोन्ही वाचणाऱ्यांचं जुळलं होतं तेवढ्याच काचा घेतल्या. जिथं फरक होता त्या सगळ्या कचरा म्हणून बाजूला.

मी चौथ्या रांगेत बसले होते. मुजावर माझ्या शेजारी. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

त्याच महिन्यात जंतू वाढवणारी प्रयोगशाळा बंद झाली. कारण ‘द्विरुक्ती’. सबनीस मॅडमचा धुळीचा दवाखाना बंद झाला. कारण तेच. मुजावरांची जागा रद्द. दुसरं वाचन आता यंत्राची दुसरी प्रत करणार. सहमती नव्याण्णव पूर्णांक आठ. मुजावरांनी ताडपत्रीचं दुकान टाकलं.

आणि तीन वर्षांनी मल्हारी खोकायला लागला.

यंत्रासमोर त्याला मीच बसवलं. “मोठ्यानं खोका,” म्हटलं.

“घरी खोकलो तर तोंडावर हात ठेवा म्हणतेस. हितं मोठ्यानं खोकू?”

“अहो, खोका गपचूप.”

चार मिनिटांनी लाल पट्टी. क्षयरोग, तुरळक. खाली दुसऱ्या वाचनाची पट्टी, क्षयरोग, तुरळक. खरं सांगते, मला हायसं वाटलं. टीबी म्हणजे सहा महिने गोळ्या आणि बरा. माझ्या हातातला आजार.

“काम?” त्यानं विचारलं.

“गोळ्या चालू असल्या की महिन्याभरानं जाता येतं.”

तो गेला. सहा महिने गोळ्या. खोकला तसाच. पुन्हा यंत्र, पुन्हा तुरळक. पुन्हा आठ महिने. मग यंत्रानं ठरवलं की गोळ्या लागू पडत नाहीत, म्हणजे जंतू हट्टी आहे. राखीव औषधं सुरू झाली. त्यानं पायांची आग होते. मल्हारी परातीत गार पाणी घेऊन पाय बुडवून बसायचा आणि म्हणायचा, “आमच्या मॅडमच्या यंत्रानं सांगितलंय म्हणजे असंलच काहीतरी आत.” आणि सकाळी डबा घेऊन क्रशरवर. पाच वर्षं. मी डबा भरून दिला.

गेल्या फेब्रुवारीत तो दारातून मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. कपाटातला जुना सूक्ष्मदर्शक काढला. त्याच्या बेडक्याच्या तीन काचा केल्या, हातानं रंगवल्या. शंभर नाही, प्रत्येकीच्या तीनशे जागा बघितल्या. काही नाही. निळं मैदान.

पण माझ्या डोळ्यावर माझा विश्वास कुठं होता? नवरा होता तो. या वेळी मला ‘नसणारच’ असं हवं होतं, आणि तसं बघितलं की तसं दिसतं. मल्हारीच्या तीन काचांत मी दवाखान्यातल्या, भरपूर काड्यांच्या पॉझिटिव्ह सात काचा मिसळल्या, सगळ्यांना नवे नंबर घातले, आणि डबा घेऊन मुजावरांच्या दुकानात गेले.

ताडपत्रीच्या गुंडाळ्यांमध्ये मुजावर बसले होते. दाढी पांढरी झालेली.

“ताई! चहा सांगतो. काय आणलंय, चकल्या?”

“काचा.”

त्यांनी डबा उघडला. हसले. “सगळ्यांचे नंबर वर?”

“सगळ्यांचे वर.”

हसू गेलं. त्यांनी डबा मिटून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ झाकणावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “माझी सवय मोडलीय, ताई. खूण न बघता वाचायची. नोकरीत असतानाच मोडलेली.”

“म्हणून तर आणल्यात.”

जुना सूक्ष्मदर्शक त्यांनीही जपून ठेवला होता. दोन दिवस घेतले त्यांनी. तिसऱ्या दिवशी कागद दिला. सात पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह. तीन म्हणजे मल्हारीच्याच.

त्या तीन कुणाच्या ते मी सांगितलं आणि तिथंच ताडपत्रीवर बसले. रडू वगैरे आलं नाही. मुजावर म्हणाले, “ह्यांचं काम क्रशरचं ना? धूळ आहे ताई ती. फुफ्फुसात दगड बसलाय. त्याला गोळी नाही. धुळीतून बाहेर काढणं, एवढंच औषध. धुळीच्या छातीत टीबीही लवकर घुसतो, म्हणून दोन्ही बघावं लागतं. पण आपल्याला एकच बघायला सांगितलं होतं.”

“यंत्राला काड्या दिसतात तरी कुठून?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“यंत्र यायच्या आधी माझ्याकडून एक काम करून घेतलं होतं,” ते म्हणाले. “जिल्ह्याच्या जुन्या काचांचे फोटो वर पाठवायचं. क्रशरवाल्यांच्या काचा सगळ्यात जास्त खडकाळ्याच्या होत्या. तुमच्या तुरळक. आणि खाली माझी सही. जुळलेलं उत्तर, म्हणजे खरं.”

माळावरची छाती, असा एक्स-रे, असा खोकला, असा ओरखडा, म्हणजे टीबी तुरळक. यंत्राला हे मी शिकवलं होतं. यंत्र बिचारं चुकलं नाही. ते माझ्यासारखं झालं होतं, एवढंच. आणि मला अडवणारे जेवढे होते तेवढे तुम्ही घरी पाठवले होते.

मल्हारीला त्याच दिवशी सांगितलं. तो पाय परातीत घालून बसला होता. मी सगळं सांगितलं. नंबर खाली केलेल्या काचा, मेमो, चकल्या, सगळं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. तोडायला श्वास लागतो.

मग म्हणाला, “म्हणजे टीबी न्हाईच?”

“नाही.”

“आन ह्या आगीच्या गोळ्या?”

“उगाच.”

“पयल्याच साली कळलं असतं तर?”

“काम सोडलं असतंत. आजार गेला नसता. पण एवढा कदाचित वाढलाही नसता.”

पाण्यात पाय हलवत राहिला. “तू मला डबा भरून द्यायचीस,” म्हणाला. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. मी परातीतलं पाणी बदलायला उठले तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. बस जरा.” आणि थोड्या वेळानं, “माळावर अजून कितीजण गोळ्या खात्यात?”

“यादीत तुमच्यासकट त्रेचाळीस.”

“त्यांच्या काचा वाच. तू एकटी नगं. त्या मुजावरालाबी घे. आन एकमेकाला विचारायचं न्हाई, सांगून ठेवतो.”

सात आठवडे लागले. मी इथं वाचायचे, ते तिथं. त्या सात आठवड्यांत आमचा एकही फोन झाला नाही. एकमेकांना काही न सुचवता, पहिल्यांदाच. कागद शेजारी ठेवले तेव्हा नऊ जागी फरक निघाला, आणि खरं सांगू, तो फरक बघून मला नोकरीत पहिल्यांदा बरं वाटलं. त्या नऊ काचा घेऊन सबनीस मॅडमच्या घरी गेलो. त्यांचे गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत. त्रेचाळीसही माणसांना त्यांनी घरी बोलावलं आणि तोच प्रश्न. काम काय, किती वर्षं, धूळ कोरडी की ओली. शेवटी बारा जणांना खरोखर टीबी निघाला, त्यातल्या आठ जणांना धुळीसकट. तीस जणांना नुसती धूळ. एकाबद्दल आम्हा तिघांचं अजून पटलेलं नाही. तसंच लिहिलं.

तो कागद आणि माझा कबुलीजबाब घेऊन मी तुमच्या एकनिदानच्या समन्वयकांकडे आले. चांगला मुलगा आहे. पाणी विचारलं. कागद वाचला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या टेबलावर साप सोडलाय.

“ताई, एका रुग्णाला दोन निकाल सिस्टीम घेत नाही. रकाना एकच आहे.”

“मग रकाना वाढवा.”

“तसं नाही होत. पण तुमचा डेटा आम्ही घेऊ. यंत्राला दाखवू. नवी आवृत्ती येईल, मग ते असं चुकणार नाही.”

“मग दुसऱ्या तऱ्हेनं चुकेल. तेव्हा सांगणार कोण?”

“तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात का?”

“नाही बाळा. मी एकट्याच्या विरोधात आहे. उद्या यंत्र काढून तिथं मला एकटीला बसवलंस तरी मी विरोधातच असेन. मी काय केलं ते तर वाचलंस ना आता?”

त्यानं मान खाली घातली. “हे कबुलीजबाबाचं पान राहू द्या,” म्हणाला. “तुम्हालाच त्रास होईल.”

मी पान काढलं नाही. चार महिने झाले. तुमच्याकडून एक ओळ नाही. मेमोसुद्धा नाही. फरक निघाला म्हणून ज्यांनी मला दोनदा मेमो दिला, त्यांना तीस माणसांचा फरक दिसेना.

आलं ते वेगळंच आलं. नवी आवृत्ती. मंगळवारी. राखीव औषधं कागदोपत्री बंद करायला मल्हारीला पुन्हा यंत्रासमोर बसवावं लागलं. खुर्चीवर बसेपर्यंत त्याला पाच मिनिटं लागली. खोकला काढायला मला सांगावं लागलं नाही.

चार मिनिटांनी हिरवी पट्टी. क्षयरोग नाही. दुसरं वाचन, क्षयरोग नाही. आणि खाली, ‘फुफ्फुस सामान्य. कामास योग्य.’

मी तीनदा वाचलं. मग कळलं. तुम्ही यंत्राला माझी एक चूक विसरायला लावली, आणि धूळ म्हणून काही असतं हे सांगायचं राहूनच गेलं. त्याच्याकडे दोनच खण. टीबी, नाहीतर ठणठणीत. पहिल्या खणातून काढलं की दुसऱ्यात. या दोन दिवसांत माळावरची सगळी तीस माणसं अशीच ठणठणीत झाली. टीबी आणि धूळ दोन्ही असलेल्या आठ जणांचं तर आणखी बरं, ‘टीबी बरा होताच कामास योग्य.’

निकाल आपोआप क्रशरमालकाकडे जातो, ही तुमचीच सोय. बुधवारी मुकादमाचा फोन. मल्हारीनं स्पीकरवर टाकला.

“ढोबळे, अभिनंदन! हिरवा आलाय तुमचा. सोमवारी येताय न्हवं? जागा धरून ठेवली होती बरं का. आता न्हाई आलात तर मात्र मला दुसरा माणूस घ्यावा लागंल.”

मल्हारी हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले, आणि पलीकडून मुकादम “हॅलो, हॅलो” करत राहिला. शेवटी मल्हारीनं फोन माझ्याकडे सरकवला आणि दोन श्वासांत म्हणाला, “यंत्रवाल्यांना... विचार की. मी जाऊ का?”

म्हणून विचारते. मल्हारी ढोबळे, वय अठ्ठावन्न, दारातून मोरीपर्यंत जाताना तीनदा थांबतात. ते कामास योग्य आहेत, हे तुमच्यातल्या कोणत्या माणसानं ठरवलं? यंत्राचं नाव नको, खात्याचं नको. माणसाचं नाव आणि त्याची सही. बाकीच्या एकोणतीस जणांना योग्य ठरवणाऱ्यांचंही नाव आणि सही.

आज गुरुवार आहे. सोमवारी सकाळी सातला क्रशर सुरू होतो. त्याच्या आत मला लेखी सांगा, ह्या माणसानं कामावर जावं की नाही?